राइट विंगवर खेळणाऱ्या एका पोराला पत्र

प्रिय पोरा,

तुझा रात्री उशिरा आलेला मेसेज सकाळी वाचला. एवढा मोठा मेसेज तू याआधी कधी टाकला नव्हतास म्हणून मीपण फोनवर दोन ओळी खरडून मोकळा होत नाही, नीट बसून लिहितोय. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, दुसऱ्यांदा धरली, डॉक्टर म्हणाले खेळायला हरकत नाही पण पहिल्यासारखा स्पीड निघत नाही, टीममध्ये 19 वर्षांचं नवीन पोरगं आलंय ते लाइनीवरनं सुसाट सुटतंय, आणि मॅनेजरनी सांगितलं की विंगची लाइनीलगतची पुढची जागा सोड, मागं बचावात बॅकला खेळ नाहीतर बेंचवर बस. इथपर्यंत सगळं समजलं. पण शेवटची ओळ, "सर मला 24 पूर्ण झाली, विंगर म्हणून माझं संपलं", ही काय मला पटली नाही बघ.

इंग्लंडचा जुना फुटबॉलर स्टॅनली मॅथ्यूज, त्याच्याबद्दल तुला एकदा सांगायचं मनात होतंच, आता निमित्त मिळालं. नाव ऐकलं असशील. बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात भारी फुटबॉलरचं बक्षीस, सुरू झालं 1956 ला आणि ते पहिलंवहिलं मिळालं ते या माणसाला, दुसरा आला डी स्टेफानो, रियल माद्रिदचा, ऐन भरात असलेला. मॅथ्यूज तेव्हा 41 चा होता आणि राइट विंगला खेळत होता, तुझ्याच जागेवर. इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे आजची प्रीमियर लीग समज, त्याची शेवटची मॅच 6 फेब्रुवारी 1965 ला फुलहॅमविरुद्ध झाली, त्याच्या पाचच दिवस आधी त्याला 50 पूर्ण झाली होती. हे आकडे लोक रीलला टाकतात, खाली वा वा होते आणि विषय संपतो. मला त्यातलं कसं हे सांगायचंय, कारण नुसता धीर देऊन तुझी मांडी बरी होणार नाही.

पण त्याआधी तुझ्या 24 चं बघू. मॅथ्यूजचा जन्म 1 फेब्रुवारी 1915 चा. सप्टेंबर 1939 ला दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो बरोबर तुझ्या वयाचा होता, 24. तोपर्यंत स्टोक सिटीचा आणि इंग्लंडचा मोठा खेळाडू झालेला, एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडकडून वेल्सविरुद्ध पहिली मॅच खेळून त्यात गोल मारलेला, 1937 ला चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध हॅटट्रिक मारलेली. आणि युद्ध लागल्यावर लीग तीन मॅच होऊन जी बंद पडली ती परत सुरू झाली 1946 ला, तेव्हा हा 31 चा. म्हणजे विंगरची जी सगळ्यात चांगली वर्षं म्हणतात ना, 24 ते 31, ती त्याच्या लीगच्या खात्यात कोरीच आहेत. युद्धाच्या काळात तो एअर फोर्समध्ये होता, ब्लॅकपूलजवळ ड्युटी, तिथं जमेल तशा मॅच होत होत्या, त्या खेळत राहिला पण रेकॉर्डला त्या कुठं धरत नाहीत. आपण 24 ला संपलो म्हणतोयस, आणि त्याचं आज जग जे नाव घेतं त्यातलं बहुतेक सगळं त्या सात वर्षांनंतरचं आहे.

आता मुद्द्याचं. त्याची चाल एकच होती. खरंच सांगतो, एकच. तुम्ही पोरं आठवड्याला एक नवीन स्किल शिकता, इलॅस्टिको झालं, रॅबोना झालं, स्टेपओव्हर तर काय मोजायचेच नाहीत, आणि मॅचमध्ये समोर तगडा बॅक आला की त्यातलं एकही बाहेर येत नाही. मॅथ्यूज बॉल पायात घ्यायचा, पुढं मोकळ्या जागेत टाकलेला बॉल त्याला फारसा आवडायचा नाही, पायातच पाहिजे. मग बॅकच्या अंगावर हळू जायचा, जवळजवळ चालत, कधीकधी तर बॉलवर पूर्ण थांबायचा. बॅक समोर उभा. मग डावा खांदा खाली सोडायचा, अख्खं अंग आत डावीकडं झुकवायचं, एवढं झुकवायचं की आता हा आत कट मारणारच असं कुणालाही वाटावं, आणि बॅकचं वजन त्या बाजूला गेलं की उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं बॉल बाहेर ढकलून लाइनीकडनं निघून जायचा. झालं, एवढंच. बॅकला आधीपासून माहीत, स्टेडियममध्ये बसलेल्या पब्लिकला माहीत, पेपरात छापून आलेलं, आणि तीस वर्षं तेच चाललं. मे 1956 ला वेम्बलीवर ब्राझील आलं होतं, त्यांचा लेफ्ट बॅक होता निल्टन सांतोस, जगातल्या उत्तम बॅकांपैकी एक, पुढं दोन वर्ल्डकप जिंकलेला माणूस. 41 वर्षांच्या मॅथ्यूजनं त्याला त्या दिवशी हीच चाल दाखवून हैराण केलं आणि इंग्लंड 4-2 जिंकलं.

हे चालायचं का, तर दोघंही थांबलेले असताना कोण कधी निघणार हे फक्त एकालाच माहीत असतं. बॅक कितीही फास्ट असू दे, त्याचं वजन चुकीच्या पायावर गेलं की परत फिरायला त्याला वेळ लागणारच आणि तेवढ्यात तू दोन-तीन यार्ड पुढं असतोस. आपल्या तालमीत म्हाताऱ्या वस्तादांना कुस्ती बघताना बघ, ते हाताकडं बघत नाहीत, पायावरचं वजन कुठं सरकतंय तिकडं डोळा असतो. मॅथ्यूजचं तसंच होतं. त्याचा स्पीड म्हणजे पहिल्या दहा यार्डांचा स्पीड, तेवढ्यात मात्र तो भल्याभल्यांना सापडायचा नाही, आणि त्याच्यापुढं त्याला स्पीड लागायचाच नाही कारण क्रॉस तोपर्यंत निघालेला असायचा.

आता तू बघ कसा खेळतोस. हाफकडनं, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूकडनं, लांब बॉल येतो, तू मान खाली घालून 40 यार्ड पळतोस, बॅक तुझ्याबरोबर पळतो, आणि कॉर्नर फ्लॅगपाशी दोघंही दमलेले. हॅमस्ट्रिंग बहुतेक वेळा जाते ती अशाच फुल स्पीडच्या लांब पळण्यात, पाय पुढं टाकताना मागचा स्नायू ताणलेला असतो तेव्हा. म्हणजे ज्या खेळामुळे तुझी मांडी दोनदा गेली, तोच खेळ गेला म्हणून तू रडतोयस. स्पीड काढू नको असं मी म्हणत नाही, तो फिजिओच्या देखरेखीखाली हळूहळू परत येईल, यायलाच पाहिजे. पण तुझा खेळ त्याच्यावर उभा असायची गरज नाही.

एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर तू म्हणशील सर जुन्या काळातलं सांगतायत. तेव्हा विंगरसमोर बहुतेक वेळा एकटा बॅक असायचा, आज बॅकच्या मागं हाफ येतो, डबल करतात, थांबलास की दोघं अंगावर. खरं आहे. त्यामुळं थांबायचं तेही कधी ते कळायला पाहिजे, दुसरा यायच्या आत. पण एकास एक झाल्यावर अजूनही तेच चालतं, आजचे मोठे विंगरसुद्धा बघ, पहिल्या दोन पावलांतच काम झालेलं असतं.

दुसरी गोष्ट शरीराची, आणि इथं मी तुला जरा बोलणार आहे. मॅथ्यूज स्टोकजवळच्या हॅन्लीचा, चिनी मातीच्या भांड्यांच्या भट्ट्या असलेला भाग, धुरानं भरलेला. वडील जॅक मॅथ्यूज, धंद्यानं न्हावी आणि बॉक्सर, गावात त्यांना लढवय्या न्हावी म्हणायचे. त्या माणसानं पोराला लहानपणापासून पहाटे उठवून उघड्या खिडकीसमोर दीर्घ श्वास आणि व्यायाम करायला लावलं, आणि पोरानं ते आयुष्यभर सोडलं नाही. पुढं स्टोक सोडून ब्लॅकपूल क्लबला असताना पहाटे समुद्रावर जाऊन एकटाच स्प्रिंट मारायचा, लांब जॉगिंगपेक्षा छोटे छोटे झटक्याचे स्प्रिंट, कारण मॅचमध्ये तेच लागतं हे त्याला कळलेलं. दारू नाही. सिगारेट नाही, त्या काळात खेळाडू हाफटाइमला सिगारेट ओढायचे तेव्हाची ही गोष्ट. सॅलड, गाजराचा रस असलं खायचा-प्यायचा, लोक वेड्यात काढायचे. आणि सोमवारी उपास! आपल्याकडं सोमवार महादेवाचा असतो, त्याचा होता शनिवारच्या मॅचनंतर पोटाला विश्रांती म्हणून. मॅचला जाताना जड बूट घालून चालायचा, म्हणजे खेळायचे बूट घातले की पाय हलके लागायचे. 1950 ला वर्ल्डकपसाठी ब्राझीलला गेला तर तिथल्या खेळाडूंचे हलके बूट बघून आला आणि इंग्लंडात स्वतःसाठी तसे बनवून घेतले, तेव्हा तिकडं घोट्यापर्यंत जाड चामड्याचे बूट घालून चिखलात खेळायचे. ते हलके बूट फार टिकायचे नाहीत, फाटले की दुसरे.

तुझं काय चाललंय ते मला माहीत आहे. प्रॅक्टिस सोडून आल्यावर चौकात बारा-एकपर्यंत बसायचं, मॅचच्या आदल्या रात्री मटण हाणायचं, वॉर्मअपला शेवटी यायचं आणि दोन उड्या मारून लाइनीवर उभं राहायचं. पहिल्यांदा मांडी धरली तेव्हा फिजिओनी सहा आठवडे सांगितले होते, तू तिसऱ्याच आठवड्यात शाहू स्टेडियमवर उतरलास कारण समोर कट्टर टीम होती आणि पेठेतली पोरं घरी बोलवायला आली. मी तेव्हाही बोललो होतो. दुसऱ्यांदा गेली ती वयामुळं गेली नाही. यावेळी नॉर्डिक कर्ल म्हणतात तो व्यायाम, गुडघ्यावर बसून कुणीतरी घोटे धरायचे आणि अंग सावकाश पुढं सोडायचं, तो फिजिओ सांगेल तसा आठवड्यातून ठरवून करायचा, सीझन चालू असतानाही करायचा. हॅमस्ट्रिंगसाठी याच्याइतका सिद्ध झालेला साधा उपाय मला दुसरा माहीत नाही. कंटाळवाणा आहे, दुखतो, आणि मोबाइलवर शूट करून टाकावा असा त्यात काही नाही.

तू गोलांचंपण लिहिलंयस, की नव्या पोरानं या सीझनला गोल मारलेत आणि तुझा एकही नाही. मॅथ्यूज ब्लॅकपूलसाठी लीगमध्ये 379 मॅच खेळला, गोल किती माहीत आहे? 17. आणि त्याच टीममध्ये स्टॅन मॉर्टनसन होता, त्यानं ब्लॅकपूलसाठी लीगमध्ये 197 मारले. या दोन आकड्यांच्या मधे विंगरचं काम काय असतं ते आलं. बॅकला चकवलं म्हणजे काम झालं असं तुम्हाला वाटतं, पब्लिक ओरडतं, तुम्ही परत एकदा त्याच बॅकला चकवायला जाता. मॅथ्यूज चकवून सरळ गोललाइनीपर्यंत जायचा आणि तिथनं बॉल मागं काढायचा, कारण डिफेंडर स्वतःच्या गोलकडं तोंड करून पळत असतात आणि आपला फॉरवर्ड समोरनं येत असतो.

1953 ची एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या क्लबांची मोठी नॉकआउट स्पर्धा, तिची फायनल तू बघच, यूट्यूबवर तुकडे आहेत, काळ्या-पांढऱ्या. 2 मे, वेम्बली, एक लाख माणूस, नवीन राणी एलिझाबेथ बघायला आलेली, महिन्याभरानं तिचा राज्याभिषेक होता. ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन. मॅथ्यूज 38 चा आणि त्याच्याकडं कपचं मेडल नाही, 1948 ची फायनल मँचेस्टर युनायटेडकडनं हरलेला, 1951 ची न्यूकॅसलकडनं. अख्ख्या इंग्लंडला वाटत होतं की याला यावेळी तरी मिळावं. आणि बोल्टननं दुसऱ्याच मिनिटाला गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये दहा मिनिटं होतात न होतात तोवर स्कोअर 3-1, बोल्टन पुढं.

त्यात एक गोष्ट आहे ती कुणी फारशी सांगत नाही, तुला मुद्दाम सांगतो. बोल्टनचा लेफ्ट हाफ एरिक बेल, त्याची पहिल्या हाफमध्येच हॅमस्ट्रिंग गेली. तेव्हा सब्स्टिट्यूट नव्हते, एकदा उतरलात की शेवटपर्यंत, त्यामुळं तो लंगडत लेफ्ट विंगला जाऊन उभा राहिला, त्याच्या जागेवर इनसाइड लेफ्ट हॅसल मागं आला. आणि या लंगड्या बेलनंच हेडरवर बोल्टनचा तिसरा गोल मारला! पण मॅथ्यूजची बाजू म्हणजे बोल्टनची डावी बाजू, तिथं आता ओळखीची जोडी नव्हती, आणि शेवटाकडं लेफ्ट बॅक राल्फ बँक्सच्या पायात गोळे यायला लागले. मॅथ्यूज आणि त्याच्या आत खेळणारा एर्नी टेलर, दोघांनी हे बरोबर हेरलं. टेलर प्रत्येक बॉल उजवीकडं द्यायला लागला, पुन्हा पुन्हा, आणि मॅथ्यूज पुन्हा पुन्हा तेच, आत झुकायचं, बाहेरनं निघायचं. 68 व्या मिनिटाला त्याच्या क्रॉसवर मॉर्टनसननं 3-2 केलं. शेवटचं मिनिट राहिलेलं असताना मॉर्टनसननं फ्री किक थेट जाळ्यात मारली, 3-3, त्याची हॅटट्रिक. आणि इंज्युरी टाइममध्ये मॅथ्यूज बँक्सला सोडून लाइनीपर्यंत गेला, बॉल मागं काढताना स्वतः घसरून पडला, आणि बॉल गेला बिल पेरीच्या पायावर. 4-3.

पेपरांनी नाव काय दिलं, मॅथ्यूज फायनल. हॅटट्रिक कुणाची, मॉर्टनसनची, वेम्बलीवर एफए कप फायनलमध्ये झालेली पहिली हॅटट्रिक, आणि नाव मॅथ्यूजचं. मॅथ्यूजला स्वतःला हे आयुष्यभर खटकत राहिलं, मॉर्टनसन आणि टेलरचं श्रेय माझ्या नावावर टाकलंय असं तो सांगत राहिला. मला तो कपापेक्षा या गोष्टीसाठी जास्त आवडतो, खरं सांगू. कारण मी आपल्याकडं बघतोय, गोल झाला की पास देणारा एकीकडं आणि मारणारा जर्सी काढून प्रेक्षकांकडं पळतोय.

लाथा तर त्याला किती बसल्या असतील याचा हिशोब नाही. त्या काळातले बॅक आजच्यासारखे नव्हते, रेफरी बरंच काही सोडून द्यायचे, आणि याला थांबवायचा एकच उपाय बऱ्याच जणांना माहीत होता. तेहतीस वर्षं प्रोफेशनल खेळला आणि एकदाही रेफरीनं त्याचं नाव लिहून घेतलं नाही, बाहेर काढणं तर लांबच. उठायचा, मोजे वर करायचा, पुढच्या बॉलला परत त्याच बॅकच्या अंगावर जायचा. तू मागच्या वर्षी सेमीफायनलला ज्या बॅकला उलटा मारून रेड कार्ड घेतलंस त्या बॅकला तू आधी तीनदा चकवलेलं होतंस. तो घाबरला होता म्हणून मारत होता. अजून वीस मिनिटं तू शांत राहिला असतास तर त्याला कार्ड मिळालं असतं.

आता तुझ्या मॅनेजरचं. टीममधनं काढलं जाणं हे मॅथ्यूजला नवीन नव्हतं. इंग्लंडची टीम तेव्हा कोच निवडत नव्हता, निवड समिती बसायची, आणि त्यातल्या काहींना वाटायचं हा एकट्यानं खेळतो, टीमचा खेळ हळू करतो. म्हणून जवळजवळ 23 वर्षांच्या काळात त्याच्या इंग्लंडच्या मॅच भरल्या फक्त 54. टॉम फिनी, प्रेस्टनचा प्लंबर, तोही राइट विंगरच आणि दोन्ही पायांनी खेळणारा, त्याला घ्यायचा का मॅथ्यूजला यावर लोकांची भांडणं व्हायची. 1947 ला लिस्बनला दोघांना एकत्र खेळवलं, फिनी डावीकडं, मॅथ्यूज उजवीकडं, इंग्लंडनं पोर्तुगालला 10-0 हाणलं. तरीपण वाद संपला नाही. 1950 च्या वर्ल्डकपला अमेरिकेविरुद्ध मॅथ्यूजला बाहेर बसवलं आणि इंग्लंड 1-0 हरलं, अजून त्या मॅचचं नाव काढतात. फिनी आणि मॅथ्यूज यांच्यात मात्र कधी कटुता आली नाही. त्या 19 वर्षांच्या पोराशी तू बोलत नाहीस असं मला दुसरीकडनं कळलंय, ते बंद कर. त्यानं तुझी जागा मागितली नव्हती.

क्लबनंही त्याला असंच वागवलं. 1938 ला तो स्टोक सोडायचं म्हणाला तेव्हा गावानं सभा घेतली, हजारो लोक जमले, मॅथ्यूज जाता कामा नये म्हणून बोर्ड घेऊन, आणि तो थांबला. त्याच स्टोकमध्ये युद्धानंतर दुखापतीतनं उठल्यावर त्याला सांगितलं की आधी रिझर्व्ह टीममध्ये खेळून दाखव. ते त्याच्या मनाला लागलं. मॅनेजरशी आधीपासून पटत नव्हतंच. मे 1947 ला 11,500 पौंडांना ब्लॅकपूलला विकला, वय 32. स्टोकला वाटलं चांगले पैसे आले, आता किती खेळणार, दोन वर्षं. तो ब्लॅकपूलला 14 वर्षं खेळला. आणि 1961 ला तेच स्टोक, आता सेकंड डिव्हिजनमध्ये घसरलेलं, साडेतीन हजार पौंड देऊन 46 वर्षांच्या माणसाला परत घेऊन आलं. आधीच्या घरच्या मॅचला आठ-साडेआठ हजार लोक होते, तो आला त्या दिवशी जवळजवळ 36 हजार. 1963 ला त्यांनी सेकंड डिव्हिजन जिंकलं, ल्युटनविरुद्ध ज्या मॅचमध्ये वर जायचं नक्की झालं त्यात मॅथ्यूजनं गोल मारला, त्या सीझनमधला त्याचा एकुलता एक. 48 वर्षं! त्याच वर्षी फुटबॉल पत्रकारांनी त्याला फुटबॉलर ऑफ द इयर केला, तोच मान 1948 ला पहिल्यांदा सुरू झाला तेव्हाही त्यालाच मिळाला होता.

पैशाचं म्हणशील तर या सगळ्यात त्याला फार मिळाले असं नाही. 1961 पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला 20 पौंड, मग तुम्ही मॅथ्यूज असा नाहीतर कुणी असा. स्टेडियम भरायचं त्याच्या नावावर. सिगारेट न ओढणाऱ्या या माणसानं सिगारेटची जाहिरातही केली, ते मला आवडलेलं नाही, पण होतं ते सांगितलं. सर झाला 1965 ला, खेळत असताना सर झालेला तो पहिला फुटबॉलर.

खेळ सोडल्यावर काय केलं हेही वाच कधीतरी. आफ्रिकेत तो आधीपासून उन्हाळ्यात शिकवायला जायचा, आणि 1975 ला दक्षिण आफ्रिकेत, रंगभेद जोरात असताना, सोवेटोतल्या काळ्या शाळकरी पोरांची टीम बांधून तिला ब्राझीलला घेऊन गेला. तिथल्या सरकारला काय वाटेल याची फिकीर केली नाही. ज्या पोरांना स्वतःच्या देशात धड ग्राउंड नव्हतं त्यांना त्यानं रिओ दाखवलं. फेब्रुवारी 2000 ला गेला तेव्हा स्टोकमध्ये अंत्ययात्रेच्या रस्त्यावर लाखभर लोक उभे होते, आणि त्याची रक्षा स्टोकच्या नव्या स्टेडियममध्ये सेंटर सर्कलखाली ठेवलीय.

तर आता तू काय करायचंस. पहिलं, मॅनेजरला नाही म्हणू नको, बॅकला खेळ. मला माहीत आहे हे वाचून तोंड वाकडं होईल. पण तू जन्मात कधी बॅकला खेळला नाहीस, विंगर अंगावर येतो तेव्हा बॅकला कुठं भीती वाटते, कोणत्या खांद्याला तो फसतो, कधी त्याचे पाय जमिनीला चिकटतात, हे तुला आतनं माहीतच नाही. समोरचा विंगर तुला ज्या क्षणी सुटेल तो क्षण लक्षात ठेव, घरी येऊन वहीत लिही, रागावू नको. बॅकला लांब स्प्रिंट तुलनेनं कमी पडतील आणि मांडीला वेळ मिळेल हा वरचा फायदा. या सीझनपुरतं एवढं कर, पुढच्या सीझनला विंगसाठी मी स्वतः तुझ्या मॅनेजरशी बोलेन, पण बोलायला माझ्याकडं काहीतरी पाहिजे ना.

दुसरं, रविवारी सकाळी साडेसहाला ग्राउंडवर ये. त्या 19 वर्षांच्या पोरालापण मी बोलावलंय, तो बॅक होईल, तू विंगर, मग उलटं. दहा यार्डांवर दोन कोन ठेवायचे, थांबलेल्या बॉलवरनं निघायचं, एकच चाल, बाहेरनं. डाव्या खांद्याचं ते झुकणं तुला अर्धवट जमतं, तू मान झुकवतोस, कंबर झुकवत नाहीस, म्हणून बॅक फसत नाही. ते आधी नीट करू. फिजिओचा रिपोर्ट घेऊन ये, फोटो नको, कागद आण. आणि शनिवारी रात्री दहाला झोप, मी तुझ्या आईला फोन करून विचारणार आहे.

तुझा,
सर